रोसारिओचे वाफे आणि आपल्या महानगरपालिका

१९७२ साली स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे लाटणे मोर्चे ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनातून ते दृश्य कधी पुसले जाणार नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरलेल्या हजारो गृहिणींनी शहरातील अन्नाचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवला. तेल, साखर, रवा, रॉकेल यांचा तुटवडा कोण निर्माण करतो आणि त्यातून कोणाचे खिसे भरतात, हा प्रश्न त्यांनी थेट मंत्र्यांना विचारला. त्या काळी तो नेमका आणि योग्य प्रश्न होता. परंतु त्यानंतर अर्धे शतक उलटून गेले, तरी शहरी अन्नासंबंधीचा आपला विचार मोठ्या प्रमाणावर तेथेच थांबलेला आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. भाव वाढले की मोर्चा, रेशन दुकानात धान्य आले नाही की घेराव, आणि भाव उतरले की विस्मरण! शहरात अन्न कोठून येते, ते कोणाच्या जमिनीवर पिकते, कोणाच्या हातून विकले जाते आणि या साऱ्यावर शहराच्या निवडून आलेल्या सत्तेचा काही अधिकार असावा की नाही, हे प्रश्न आपल्या जाहीरनाम्यांत क्वचितच आढळतात.

हे प्रश्न विचारणारी आणि त्यांची काही उत्तरे प्रत्यक्षात करून दाखवणारी एक नगरपालिका दक्षिण गोलार्धात आहे. तिचा कारभार आपल्याच विचारकुळीतील एका पक्षाकडे तीन दशके होता, हे कारण वेगळेच. पण तो पक्ष नसता तरी तिची कहाणी आपल्या कार्यकर्त्यांनी वाचण्यासारखी आहे.

अर्जेंटिनातील रोसारिओ हे पाराना नदीकाठचे सुमारे दहा लाख वस्तीचे शहर. चे गेव्हाराचा जन्म येथला, १९२८ सालचा. पण त्यापलीकडे आपल्याला या शहराची फारशी ओळख नाही. त्याच्या सभोवार पांपासची अतिशय सुपीक काळी जमीन पसरलेली आहे. १९९६ साली अर्जेंटिनात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता या जमिनीवरून गाईगुरे, गहू आणि छोटे मळे हटून सोयाबीनचे अथांग शेत उभे राहिले. रोसारिओच्या आसपासच्या बंदरांतून निघणाऱ्या जहाजांमुळे हा टापू जगातील सर्वांत मोठ्या सोयाबीन निर्यातकेंद्रांपैकी एक बनला. त्याच सुमारास शहरातील कारखाने मात्र बंद पडत होते. १९९१ पासून पेसो डॉलरशी एकास एक दराने बांधलेला, आयात स्वस्त, खाजगीकरण जोरात. नाणेनिधीच्या पाठ्यपुस्तकातील आदर्श विद्यार्थी म्हणून अर्जेंटिनाची वाखाणणी त्या वेळी आपल्याकडील काही अर्थपंडितही करीत असत. डिसेंबर २००१ मध्ये या आदर्श विद्यार्थ्याचे दिवाळे वाजले. बँकांतील ठेवी गोठवल्या गेल्या, दुकाने लुटली जाऊ लागली, राष्ट्राध्यक्ष दे ला रूआ यांनी २० डिसेंबरला राजीनामा दिला. त्याच्या आदल्या दिवशी रोसारिओत, मुलांना जेवण देणाऱ्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा क्लाउदिओ लेप्राती हा तरुण कार्यकर्ता, येथे लहान मुले आहेत, गोळ्या झाडू नका, असे छपरावरून ओरडून सांगत असताना पोलिसांच्या गोळीला बळी पडला. अर्ध्या जगाला सोयाबीन पुरवणाऱ्या बंदराच्या सावलीत मुले उपाशी होती, या विसंगतीचे याहून भयंकर चित्र काढता येणार नाही. पुढील वर्षभरात देशातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली गेली.

अशा वेळी सत्तेवर असलेला पक्ष सहसा काय करतो? केंद्राकडे बोट दाखवतो, मदतीची मागणी करतो आणि धान्याच्या पिशव्या वाटताना छायाचित्रे काढून घेतो. रोसारिओत १९८९ पासून समाजवादी पक्षाचा कारभार होता आणि त्या वेळी एर्मेस बिनेर हे महापौर होते. मूळ व्यवसायाने डॉक्टर. शहराचे सहा विभाग करून आरोग्यसेवा आणि प्रशासन वस्तीपर्यंत नेण्याचे काम त्यांनी आधीच चालविले होते. हेच गृहस्थ पुढे, २००७ साली, अर्जेंटिनातील पहिले समाजवादी प्रांत-राज्यपाल झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये, म्हणजे दिवाळे वाजल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, त्यांच्या नगरपालिकेने नागरी शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. सेंद्रिय शेतीवर वस्त्यांतून काम करणारी एक स्थानिक संस्था आणि राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचा परसबाग कार्यक्रम यांना नगरपालिकेने बरोबर घेतले. आंतोनिओ लातूका हे कृषितज्ज्ञ या कामात आधीपासून मुरलेले होते. आरंभी वीसएक गटांना अवजारे आणि बियाणे देण्यात आले. दोन वर्षांत सामुदायिक मळ्यांची संख्या आठशेच्या घरात आणि त्यांत गुंतलेल्या कुटुंबांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली.

बियाणे आणि कुदळी वाटणे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. आपल्याकडेही ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत, १९४० च्या दशकात, ते झालेच होते; रेल्वेने रुळांलगतच्या पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिल्या, त्याचेही मूळ त्याच मोहिमेत आहे. रोसारिओचे वेगळेपण त्यापुढच्या तीन पावलांत आहे.

पहिले पाऊल जमिनीचे. कोणत्याही शहरात मोकळी जमीन नसते असे म्हणतात. ती असते, केवळ तिच्याकडे कोणी त्या दृष्टीने पाहत नाही. रोसारिओच्या नगरपालिकेने तेथील विद्यापीठाच्या साहाय्याने शहरातील पडीक जागांची मोजदाद केली. लोहमार्गांच्या कडा, महामार्गालगतच्या पट्ट्या, ओढ्यांचे पूरकाठ, बांधकामास अयोग्य ठरलेले सखल भूखंड, वर्षानुवर्षे राडारोडा टाकलेल्या जागा. यांतील कोणती जमीन कोणाची, तिची माती कशी, पाणी किती दूर, हे नोंदविले गेले. मग नगरपालिकेच्या सभागृहात ठराव करून अशा जागा मळेकऱ्यांना वापरासाठी देण्याची रीतसर व्यवस्था झाली. खाजगी मालकाने आपली पडीक जागा मुदतीने दिली तर त्याला करात सवलत. मालकी हस्तांतरित झाली नाही, परंतु वापराचा हक्क कागदावर आला. ज्याने कधी झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाच्या हातात एखादा सरकारी कागद पडताना पाहिला असेल, त्याला या ‘परंतु’चे महत्त्व सांगावे लागणार नाही. काही ठिकाणी त्याही पुढे जाऊन ‘मळा-उद्याने’ निर्माण झाली: एकाच जागी भाजीचे वाफे, औषधी वनस्पती, झाडे, मुलांसाठी मोकळी जागा. शोभेच्या हिरवळीऐवजी खाण्याची हिरवळ असली तर बागेचे सौंदर्य बिघडते, असा जो आपल्या उद्यान विभागांचा समज आहे, तो तेथे मोडीत निघाला.

दुसरे पाऊल बाजाराचे. पिकलेली भाजी घरी खाऊन उरली तर विकायची कोठे, या प्रश्नावर अशा बहुतेक योजना बुडतात. रोसारिओच्या नगरपालिकेने शहरातील चौकांत आठवडी बाजार भरविण्यास जागा दिली आणि तेथे बसण्याचा हक्क मळेकऱ्यांनाच ठेवला. भाजी धुऊन, कापून, पाकिटांत भरण्याची आणि औषधी वनस्पतींपासून साबण-मलमे बनविण्याची छोटी केंद्रे काढली. मळेकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्या बाईने आजवर दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी केली, तिने शहराच्या मुख्य चौकात आपल्या नावाच्या पाटीमागे उभे राहून मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाशी भाव करावा, यात पैशापलीकडचेही काही घडते.

तिसरे पाऊल कारभाराचे, आणि आमच्या मते तेच निर्णायक आहे. हा कार्यक्रम दानधर्म म्हणून किंवा आपत्कालीन मदत म्हणून बाजूला ठेवला गेला नाही. तो नगरपालिकेच्या एका खात्यात, तिच्या अंदाजपत्रकात आणि पुढे जमीनवापराच्या आराखड्यात बसवला गेला. बिनेर २००३ मध्ये गेले, लिफ्शिट्स आले, मग मोनिका फेइन आल्या. महापौर बदलले, खाते राहिले. २०१९ मध्ये समाजवादी पक्षाकडून महापौरपद गेले, तरी कार्यक्रम बंद पडला नाही. २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेशी संलग्न असा दुबई पुरस्कार आणि २०२१ साली जागतिक संसाधन संस्थेचा शहरांसाठीचा मोठा पुरस्कार रोसारिओला मिळाला. पुरस्कारांना आपण फार महत्त्व देऊ नये. वीस वर्षे एखादे काम टिकते, यालाच महत्त्व द्यावे.

आता थोडा हिशेब. अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाला हिशेबावाचून चैन पडत नाही. या पुरस्काराच्या वेळी शहर आणि त्याच्या लगतच्या मळ्यांतून वर्षाला सुमारे २,५०० टन फळे-भाज्या निघतात असे सांगण्यात आले. दहा लाख लोकसंख्येने भागले तर दरडोई वर्षाला अडीच किलो, म्हणजे दिवसाला सुमारे सात ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना माणशी दररोज ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. सात ग्रॅमने शहर जगत नाही. शिवाय अर्थव्यवस्था सावरू लागताच अनेक मळेकरी पुन्हा मजुरीकडे वळले आणि आठशे हा आकडा पुढे टिकला नाही. गच्चीवर चार कुंड्या लावून ‘अन्नस्वराज्य’ आल्याची घोषणा करणाऱ्या मंडळींनी हा हिशेब भिंतीवर लावून ठेवावा. शहराचे धान्य, डाळी, कांदे-बटाटे शेतकरीच पिकवणार आहे आणि त्याला रास्त भाव मिळणे हाच शहरी अन्नाच्या प्रश्नाचाही पाया राहणार आहे. नागरी मळ्यांचे समर्थन करताना नाशिक-जुन्नरच्या भाजी उत्पादकाशी स्पर्धा लावायची आपली इच्छा नाही, आणि तशी क्षमताही त्या मळ्यांत नाही.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? सरासरी हे फसवे साधन असते, हे पहिले उत्तर. सात ग्रॅम हे शहराच्या सरासरीचे माप आहे. ज्या कुटुंबाने वाफा केला त्याच्या ताटात पडलेल्या भाजीचे नव्हे. आपल्याकडे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ पासून शहरी लोकसंख्येच्या निम्म्यापर्यंत भागाला धान्याचा हक्क दिला, आणि तो मोठाच विजय होता. परंतु तो हक्क धान्याचा आहे. पालक, शेवगा, मेथी, टोमॅटो रेशनवर मिळत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. पोट भरलेले आणि रक्त फिके, अशी ही अवस्था. भाव वाढले की गरीब कुटुंब प्रथम भाजीला काट मारते, हे कोणत्याही वस्तीतील कार्यकर्ता सांगेल. नेमकी तीच वस्तू थोड्या जागेत, थोड्या दिवसांत, घरच्या श्रमावर पिकते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ यांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागविण्याचे शास्त्र मराठी माणसापुढे कधीच मांडले होते. सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा इतका काटेकोर हिशेब आमच्या अनेक अर्थतज्ज्ञांनाही जमला नसता. आपण त्यांचा सत्कार केला आणि विचार बाजूला ठेवला.

दुसरे उत्तर जमिनीच्या राजकारणाचे आहे. फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार-अर्थतज्ज्ञाने १८२६ साली शहराभोवतीच्या शेतीची वर्तुळे मांडली. शहराला लागून असलेल्या पहिल्या वर्तुळात भाजी आणि दूध, कारण ते लवकर नासते आणि वाहतूक महाग. विद्यार्थ्यांना ही आकृती फळ्यावर काढून दाखविताना प्रस्तुत लेखक उदाहरण म्हणून वसईचे नाव घेत असे: मुंबईच्या पोटाला भाजी, केळी, फुले पुरवणारे हिरवे वर्तुळ. पुढेपुढे ते उदाहरण घेणे अवघड होऊ लागले. पहिल्या वर्तुळातील जमिनीवर भाजीपेक्षा इमारतीचे भाडे शतपट येऊ लागले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी रस्त्यावर उतरावे लागले. बाजाराच्या नियमाने पाहिले तर परळच्या एकरभर जागेत पालक पेरणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. परंतु त्याच नियमाने परळला शाळा, मैदान, प्रसूतिगृह आणि सार्वजनिक शौचालय हाही मूर्खपणाच ठरतो. जमिनीचा सर्वोत्तम उपयोग सर्वाधिक बोली लावणारा ठरवील, हे तत्त्व आपण इतर बाबतींत नाकारत आलो आहोत; अन्नाच्या बाबतीत ते निमूटपणे का स्वीकारावे?

गिरणगावाचा धडा तर ताजाच आहे. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन मुंबईच्या मध्यावर मोकळी होत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी सांगितली. २००१ मध्ये एका दुरुस्तीने ही वाटणी सगळ्या जमिनीऐवजी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या भागापुरती केली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. दोन-चार शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याची शेकडो एकर जमीन हातची गेली. तेथे मळे झालेच असते असा आमचा दावा नाही; परंतु ज्या नगराला आपल्या मोकळ्या जमिनीवर काय हवे हेच ठाऊक नसते, त्याच्याकडून ती कोणीही काढून घेतो.

न्यूयॉर्कच्या नागरिकांना याचा अनुभव आला. १९७० च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना जळक्या-पडक्या इमारतींच्या जागा साफ करून, प्रामुख्याने गरीब, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या लोकांनी शेकडो सामुदायिक बागा केल्या. त्यांच्यामुळे वस्त्या राहण्याजोग्या झाल्या, आणि राहण्याजोग्या झाल्यामुळे जमिनीचे भाव चढले. मग १९९९ साली महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने त्यांतील ११४ बागा लिलावात काढल्या. साम्यवादाचे युग संपले असून ही मुक्त बाजारपेठ आहे, अशा अर्थाचे उद्गार महापौरांनी त्या वेळी काढले होते. निदर्शने झाली, खटले झाले. शेवटी दोन सेवाभावी संस्थांनी लाखो डॉलर मोजून त्या बागा विकत घेतल्या. ज्या जमिनीला लोकांच्या घामाने किंमत आली, तीच जमीन लोकांच्या वतीने पुन्हा किंमत देऊन सोडवावी लागली! हेन्री जॉर्जच्या देशात हे घडावे, हा इतिहासाचा विनोद होय. इंग्लंडमध्ये मात्र १९०८ च्या कायद्याने, सहा मतदार-करदात्यांनी मागणी केली तर भाजीसाठी जमिनीचे तुकडे उपलब्ध करून देण्याच्या मागणीचा विचार करणे स्थानिक संस्थेला बंधनकारक केले. तेव्हापासून तेथील कामगाराचा वाफा हा कोणाच्या मेहेरबानीचा विषय उरला नाही.

या संदर्भात क्यूबाचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खते, इंधन, ट्रॅक्टर सारे थांबले. क्यूबन माणसाच्या आहारातील उष्मांक सुमारे एक-तृतीयांशाने घटले. त्या संकटात हवानाच्या रिकाम्या जागांवर ‘ऑर्गानोपोनिको’ नावाचे सिमेंटच्या कडांचे, कंपोस्टने भरलेले वाफे उभे राहिले आणि जमीन वापरासाठी विनामूल्य देण्यात आली. हे काम मोठे होते, त्याची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु आजही क्यूबा आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा आयात करतो आणि तेथील जनता पुन्हा तीव्र टंचाईतून जात आहे; त्याला अमेरिकेची नाकेबंदी जशी कारण आहे, तशी वरून आदेश देणारी आणि टीका न ऐकणारी यंत्रणाही कारण आहे. आम्ही लोकशाही समाजवादी रोसारिओकडे अधिक आशेने पाहतो ते यासाठी, की तेथे मळेकरी मतदारही होता, आणि नगरपालिकेवर नाराज झाला तर तिला पाडू शकत होता.

अन्नाचा कारभार हे नगरपालिकेचेच काम आहे, ही कल्पना ब्राझीलच्या बेलो ओरिझोन्ते शहरानेही राबविली. १९९३ साली कामगार पक्षाचे महापौर पात्रुस आनानियास यांनी तेथे अन्नपुरवठ्याचे स्वतंत्र खाते काढले. या खात्याने सरकारी दरात जेवण देणारी लोकोपाहारगृहे चालविली, लहान शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीसाठी जागा दिल्या, आणि मोक्याच्या सरकारी जागा काही दुकानदारांना या अटीवर दिल्या की त्यांनी ठरावीक भाज्या-फळे नगरपालिकेने ठरविलेल्या दरानेच विकली पाहिजेत. हे वाचताना पुण्याच्या हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ आठवते. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली ती सुरू झाली, म्हणजे बेलो ओरिझोन्तेच्या जवळजवळ दोन दशके आधी. फरक एवढाच, की तेथे जे काम शहराने अंगावर घेतले, ते येथे हमालांना स्वतःच्या पदरचे घालून करावे लागले.

आपल्याकडे नगरपालिका हे काम का करीत नाहीत, याचे एक उत्तर घटनेत दडले आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्याला घटनात्मक स्थान दिले. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांतील पहिलाच विषय शेती आणि पुढे सार्वजनिक वितरण व्यवस्थाही आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत रस्ते आहेत, पाणी आहे, उद्याने आहेत, दफनभूमी आणि कत्तलखानेही आहेत. परंतु अन्न नाही, शेती नाही, रेशन नाही. जणू शहरातील माणूस मरतो, पण जेवत नाही! लोहियांच्या चौखंभा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब होते. आज महाराष्ट्राची जवळपास निम्मी जनता ज्या शहरांत राहते, त्यांच्या खांबावर अन्नाचा भार टाकायचा की नाही, याचा विचार लोहियांच्या अनुयायांनी करायला हवा. घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. उद्याने, नागरी वनीकरण, सार्वजनिक आरोग्य आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय त्या अनुसूचीत आहेतच, आणि त्यांच्या आधारे पुष्कळ काही करता येते.

काही अडचणी खऱ्या आहेत आणि त्या टाळून बोलणे म्हणजे वस्तीतील लोकांची फसवणूक ठरेल. रुळांलगतच्या भाजीला गटाराचे पाणी दिले जाते, ही तक्रार जुनी आहे आणि निराधार नाही. जुन्या कारखान्यांच्या मातीत शिसे आणि अन्य विषारी द्रव्ये असू शकतात. म्हणून माती व पाण्याची तपासणी नगरपालिकेने आपल्या खर्चाने करावी, हा मळ्याइतकाच आवश्यक भाग आहे. मळा पिकवणाऱ्यालाच दोष देऊन त्याचे वाफे उपटणे सोपे आणि स्वस्त असते. स्वच्छ पाणी देणे हेच खरे काम. दुसरे असे, की ओल्या कचऱ्याचे खत करा, हे वाक्य सभेत गोड वाटते. तो कचरा कोण वेचणार? आपल्या समाजात या प्रश्नाचे उत्तर जातीने आधीच देऊन ठेवले आहे. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून २००८ साली निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी कचरावेचक स्त्रियांच्या श्रमाला ओळख आणि मोबदला मिळवून दिला. खताचा प्रत्येक हिशेब त्यांच्या मजुरीसह मांडला पाहिजे, नाहीतर मध्यमवर्गाच्या सेंद्रिय मेथीखाली जुनेच जातीय शोषण गाडले जाईल.

तिसरी अडचण आपल्याच लोकांची. सार्वजनिक भूखंड ‘दत्तक’ देण्याच्या नावाखाली मुंबईत काही मोकळ्या जागांवर खाजगी क्लब कसे उभे राहिले, ते आपण पाहिले आहे. सामुदायिक मळ्याच्या नावाने एखादा नगरसेवक आपल्या मेहुण्याची संस्था पुढे करील, किंवा एखादी गृहनिर्माण संस्था भिंत घालून जागा बळकावील, ही भीती काल्पनिक नाही. त्यावर उपाय म्हणजे वाटप उघड सभेत, वस्तीतील भूमिहीन व बेरोजगार कुटुंबांना आणि स्त्रियांच्या गटांना अग्रक्रमाने, ठरावीक मुदतीने आणि लेखी. केरळात ‘कुटुंबश्री’च्या स्त्रीगटांनी खंडाने जमिनी घेऊन सामूहिक शेती केली, तेथे स्थानिक स्वराज्य संस्था त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या म्हणून ते शक्य झाले.

हे सगळे करून घ्यायचे तर शहरात निवडून आलेली आणि प्रश्न विचारता येणारी सत्ता पाहिजे. २०२२ पासून महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिकांचा कारभार निवडणुका लांबणीवर टाकून दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती ठेवण्यात आला होता, त्या काळात मोकळ्या भूखंडांचे काय झाले, याची छाननी व्हायला हवी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ प्रमाणे विकास आराखड्यात उद्यान, मैदान वा बाजार यांसाठी आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालकाने नोटीस दिल्यावर ठरावीक मुदतीनंतर ते आरक्षण रद्द होऊ शकते. अशी किती आरक्षणे गेली, किती जाण्याच्या बेतात आहेत, आणि ताब्यात आलेले किती भूखंड कुंपण घालून नुसते पडून आहेत, ही माहिती प्रत्येक नगररचना विभागात असते. २००५ च्या माहिती अधिकाराने ती मागता येते.

तेव्हा पक्षाच्या शहर शाखांना आमची सूचना अशी: येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रभागातील दोन-तीन कार्यकर्त्यांनी विकास आराखड्याचा आपल्या भागाचा नकाशा मिळवावा आणि पायी फिरून त्यावरील प्रत्येक मोकळ्या भूखंडाची नोंद करावी: आरक्षण कशाचे, ताबा कोणाचा, ऊन किती, पाण्याचा नळ किती अंतरावर, जवळची वस्ती कोणती, तेथील स्त्रियांना वाफा हवा आहे का. शेवटचा रकाना कार्यालयात बसून भरू नये. याद्या शहर कार्यालयाकडे आल्या की महापालिकेच्या सभागृहात मांडावयाच्या ठरावाचा मसुदा त्यांच्या आधारे करता येईल. आणि पथविक्रेता कायदा, २०१४ खाली नेमलेल्या नगर पथविक्रेता समित्यांत ज्यांचे प्रतिनिधी आहेत त्या संघटनांशी आठवडी बाजाराच्या जागांविषयी आताच बोलणे सुरू करावे, कारण भाजी तयार व्हायला दोन महिने पुरतात, बाजाराची जागा मंजूर व्हायला दोन वर्षेही कमी पडतात.